गाळलेली ओळ

रस्त्यावरचे दुकानदार तिला तोंडावर "बाई" म्हणत आणि पाठ फिरली की "कानवाली". तिला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. तेवीस वर्षं ती लोकांचे कान तपासत होती, साचे घेत होती, यंत्रं बसवत होती. एवढ्या वर्षांत तिचं एक मत पक्कं झालं होतं, की माणसांना ऐकू कमी येत नाही, त्यांना ऐकायचंच नसतं. नवरे बायकोची कटकट नको म्हणून यंत्र खिशात ठेवतात. निवृत्त साहेब यंत्र घालतात ते स्वतःचाच आवाज नीट ऐकू यावा म्हणून. पेशंट बाहेर पडला की ती दारातल्या मदतनीस बाईकडे बघून नुसत्या भुवया उडवायची, आणि त्या बाईला तेवढ्यावरून सगळं कळायचं.

या मताचा सगळ्यात मोठा पुरावा तिच्या घरातच बसलेला होता. तिची आई चौऱ्याऐंशीची. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली, हजारो लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, आणि म्हातारपणी ठार बहिरी झाली. नऊ वर्षं लेक मागे लागली होती, पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारी म्हणायची, "तीस वर्षं लोकांचं ऐकलं. पुरे झालं." शेजारणी कानवालीला गाठून हसत विचारायच्या, "काय हो, दिव्याखाली अंधार?" कानवाली त्यांच्याकडे अशी बघायची की पुन्हा विचारायची छाती होऊ नये.

आणि मग एका सोमवारी सकाळी म्हातारी एकटीच दवाखान्यात आली. मदतनीस बाईकडून नंबर घेतला, चार पेशंटांच्या मागे काठी गुडघ्यांत धरून बसली आणि पाळी आल्यावरच आत गेली.

"मला यंत्र बसव," ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "पुरीमच्या सणाआधी."

कानवालीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: का?

"पोरगी वाचणार आहे. बायकांसमोर. शब्दन् शब्द ऐकू यायला पाहिजे. एक शब्द जरी सुटला, तरी ऐकल्याचं धरत नाहीत."

कानवालीला वाटलं, नऊ वर्षं मी घसा कोरडा केला तो वाया, आणि हे पोरगीच्या एका शब्दावर.

पोरगी म्हणजे कानवालीची एकुलती एक लेक, सव्वीस वर्षांची. विमा कंपनीत चांगली नोकरी होती, संध्याकाळी पोहायला जायची, सुट्टीत डोंगर चढायची. दोन वर्षांपूर्वी तिला एक बाई भेटली. त्या बाईच्या घरी दर आठवड्याला मुली जमायच्या, धर्मग्रंथ वाचायच्या, गात बसायच्या. सगळ्या तिला गुरुताई म्हणायच्या. बघता बघता लेकीच्या बाह्या लांब झाल्या, विश्रांतीचा दिवस म्हणून शनिवारी फोन उचलणं बंद झालं, आणि एके दिवशी ती आईकडे जेवायला आली ती पिशवीत स्वतःचं ताट घेऊन. "तुझी भांडी चालत नाहीत, आई. नियम आहेत," ती चाचरत म्हणाली होती. त्या दिवशी कानवालीने पानावरून उठून आपलं जेवण उभ्यानेच, ओट्यापाशी संपवलं. ज्या भांड्यांत हिची पेज शिजली, ती आता चालत नाहीत. नंतर लेक वेगळी राहायला गेली, तसल्याच तीन मुलींबरोबर. फोन व्हायचे, पण हवापाण्याचे.

कानवालीचा देवावर राग नव्हता. राग करायला समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं. तिला राग होता तो या नव्याने भाविक झालेल्या बायकांचा. पस्तीस वर्षं मजा मारायची आणि मग एका सकाळी डोकं झाकून जन्मल्यापासूनच्या भाविकांना शहाणपण शिकवायचं. कानामागून आली आणि तिखट झाली, असल्या. आणि पुरीम, त्यांच्या यहुदी समाजाचा सण, तर तिच्या मते मोठ्या माणसांचा पोरखेळ. परदेशातल्या एका दारुड्या राजाची यहुदी राणी, एस्तेर. तिच्या लोकांना एका दिवसात मारून टाकायचा घाट घालणारा प्रधान, हामान. राणी जीव धोक्यात घालून राजापुढे जाते, प्रधानाचा डाव त्याच्यावरच उलटतो. ही गोष्ट चामड्याच्या गुंडाळीवरून मोठ्याने वाचायची, आणि हामानचं नाव आलं की खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते पुसून टाकायचं. वर सोंगं घ्यायची, एकमेकांकडे खाऊची पुडकी पाठवायची. चिरंतन शहाणपणाचा दावा करणारी माणसं डबे बडवतात, एवढंच तिला त्यात दिसायचं.

पण पेशंट तो पेशंट. तिने म्हातारीला काचेच्या खोलीत बसवलं, कानांचा आलेख काढला, गुलाबी लगदा भरून साचे घेतले. बारा दिवसांनी यंत्रं आली. ती कानामागे बसवून तिने हळूहळू आवाज वाढवला आणि म्हणाली, "ऐकू येतंय?"

म्हातारी म्हणाली, "तुझा आवाज एवढा तुसडा कधी झाला?"

"नऊ वर्षांपूर्वी. तुला कळलं नाही."

पुरीमच्या चार दिवस आधी लेक दवाखान्यात आली. पोशाख पायघोळ, बाही मनगटापर्यंत. कानवालीने तिच्यासमोर एक छोटा माइक ठेवला, बटणाएवढा. "हा कॉलरला लाव. तुझा आवाज सरळ आजीच्या कानात जाईल. बाकीचा गोंधळ तिला ऐकू येणार नाही."

लेक ओशाळली. "माइक चालणार नाही, आई. मी गुरुताईंना विचारलं. यंत्रातून आलेला आवाज खरा आवाज धरायचा की नाही, यावर मतभेद आहेत. कानातलं यंत्र काही जण चालवून घेतात. पण माइक..."

"कोण काही जण? त्यांच्यापैकी कोणी कधी बहिरं झालंय?"

"मला भांडायचं नाही."

"मला तरी कुठे भांडायचंय? मी फक्त विचारते. ज्या देवाने हिचे कान काढून घेतले, त्याला आता माइक खुपतो?"

लेक खुर्चीत बसली. मग म्हणाली, "तुला वाटतं मी फसले. असेनही. देव आहे की नाही हे मला रोज तितकंच ठाऊक असतं असं नाही. पण तिथं मी वाचते तेव्हा दहा-बारा जणी एकेक शब्द कान देऊन ऐकतात, चूक झाली तर थांबवायला. ऑफिसात मी तासभर बोलायचे आणि कोणी मान वर करायचं नाही."

"अच्छा. म्हणजे श्रोते हवे होते," कानवाली म्हणाली आणि माइक खणात टाकला.

बोललं ते तिला लगेच बोचलं, पण शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती. लेक उठून गेली.

माइक नाही म्हटल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. एकदम मोठा गोंगाट झाला की म्हातारीचं यंत्र आपोआप आवाज मिटून घेई आणि पूर्ववत व्हायला पाच-सहा सेकंद लावी. तेवढ्यात अर्धं वाक्य निघून जाणार. हामानचं नाव गुंडाळीत चोपन्न वेळा येतं. म्हणजे चोपन्न अर्धी वाक्यं. उपाय एकच होता. कोणीतरी छोटा रिमोट घेऊन म्हातारीच्या मागे बसायचं, नाव ऐकू आलं की त्याच क्षणी आवाज बंद करायचा, गोंगाट थांबला की लगेच चालू करायचा. मदतनीस बाईला ही हिब्रू लिपी येत नव्हती, नाव केव्हा येणार ते तिला कळणं शक्य नव्हतं. राहिली कोण?

पुरीमच्या सकाळी दवाखान्याच्या दारावर "आज बंद" अशी पाटी लावून कानवाली म्हातारीला घेऊन निघाली.

वाचन एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. जिन्यात शाईचा वास, वर घडीच्या खुर्च्या, भिंतीला रंगीत कागदाच्या माळा. कानवालीने दारातूनच नजर फिरवली. सगळ्या राण्या. जाड राणी, बारीक राणी, चष्मेवाली राणी, कडेवर पोर घेतलेली राणी. पुठ्ठ्याचे मुकुट, पडद्याच्या कापडाचे शेले. तिने अकरा राण्या मोजल्या. दासी व्हायला मात्र एकही तयार नव्हती.

बारावी राणी पुढे आली. हिचा मुकुट पितळेचा होता. "तुम्ही तिच्या आई ना?" गुरुताई तिचे दोन्ही हात हातांत घेत म्हणाली. "मी रोज प्रार्थना करायचे, की तुम्ही यावं."

"मी रिमोट दाबायला आलेय," कानवाली हात सोडवून घेत म्हणाली.

गुरुताई गोड हसली आणि तिच्या हातात एक छापील पुस्तक ठेवलं. "वाचताना बरोबर बघता येईल. अक्षरं ओळखीची नसली तरी हरकत नाही, चित्रं छान आहेत."

कानवालीने पुस्तक घेतलं.

लेक पुढे टेबलाशी उभी होती, समोर गुंडाळी पसरलेली. तिने मात्र राणीचं सोंग घेतलं नव्हतं. गुडघ्याखाली येणारा जुना घोळदार स्कर्ट, पांढरा ब्लाउज, डोक्यावर हेडफोन आणि हातात प्लग लावलेली एक दोरी. म्हातारी पहिल्या रांगेत बसता बसता थबकली. "ही मीच की," ती म्हणाली. एक्स्चेंजमधला तिचा एक फोटो होता, त्यावरून पोरीने बेतलं होतं. कानवालीला फक्त हेडफोन उलटा घातलेला दिसला. ती आईच्या मागच्या खुर्चीत बसली, गुडघ्यावर पुस्तक, मुठीत रिमोट.

लेकीने वाचायला सुरुवात केली. आवाज खालच्या पट्टीतला, थोडा कापरा, मग स्थिर झाला. कानवालीचं बोट ओळींवरून सरकू लागलं. उजवीकडून डावीकडे, न अडखळता. पहिल्यांदा हामानचं नाव आलं आणि हॉल फुटला. खुळखुळे, झाकणं, टाचा. तिने बटण दाबलं होतं, म्हातारीची मान हललीसुद्धा नाही. गोंगाट विरताच तिने आवाज परत दिला. पुन्हा नाव, पुन्हा बटण. दहाव्या वेळेपर्यंत तिला लय सापडली. नाव यायच्या आधीच दोन शब्द तिचा अंगठा ताठ व्हायचा.

राण्यांची गंमत चालूच होती. कडेवरचं पोर रडत होतं, चष्मेवाली शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होती, एक जण पुडक्यांच्या रिबिनी सारख्या करत होती. शब्दन् शब्द म्हणे. कानवालीला दिसत होतं, की अख्ख्या हॉलमध्ये प्रत्येक अक्षर ऐकणाऱ्या दोघीच आहेत, एक यंत्र लावलेली आणि एक ते दाबणारी. वाचणारीच्या चुका पकडायचं काम गुरुताईचं होतं. ती टेबलाशेजारी दुसरं पुस्तक उघडून उभी होती. पण अर्ध्याहून पुढे गेल्यावर तिने फोन काढला आणि लेकीचं, गुंडाळीचं आणि मधूनमधून स्वतःचंही चित्रण करू लागली.

शेवटाकडे तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या दिवसाचा हिशेब येतो. कुठे लढाई कधी संपली आणि आनंद कधी केला, तेच शब्द पुन्हा पुन्हा. दमलेल्या डोळ्यांना तिथे घसरायला जागा. लेकीची नजर एका "चौदाव्या"वरून खालच्या "चौदाव्या"वर पडली आणि ती तिथून पुढे वाचू लागली. मधली अख्खी ओळ गेली.

कानवालीचं बोट तिथेच थांबलं. तिने वर पाहिलं. राण्या होत्या तशाच होत्या. गुरुताई फोनमध्ये बघून हसत होती. आईची पाठ ताठ, काहीही न कळलेली. तिच्या मनात आलं, जाऊ दे. देव तर ऐकायला नाहीच, आणि या ऐकत नाहीत. कुणाचं काय बिघडतंय? पण पाठमोरी म्हातारी नऊ वर्षांचा हट्ट सोडून कानांत लगदा भरून घेऊन आली होती ती शब्दन् शब्द ऐकायला.

"ओळ गेली," कानवाली मोठ्याने म्हणाली.

लेक थांबली. गुरुताईने फोन खाली केला. "बाई, वाचणारीला अडवत नाहीत. आपण नंतर बोलू."

"नंतर बोलून काय उपयोग? तुमच्याच नियमाने हे ऐकल्याचं धरणार नाहीत. चौदाव्यावरून चौदाव्यावर उडी मारली तिने. तुमच्या हातात पुस्तक आहे, बघा." गुरुताई घाईघाईने पानं उलटू लागली, तिला जागा सापडेना. तेव्हा कानवालीने सुटलेली ओळ स्वतःच म्हटली. सरळ वाचायला गेली, पण हे शब्द तिने सरळ कधी वाचलेच नव्हते. ते सुरातच आले. लेकीच्या सुरापेक्षा वेगळा, जुना, शेवटी खाली वळणारा सूर.

म्हातारी खुर्चीत वळली आणि कानवालीकडे बघत राहिली. तो सूर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा होता.

लेकीने बोट मागे नेलं, ती ओळ शोधली, तिथून पुन्हा वाचलं आणि शेवटपर्यंत गेली. पुन्हा चूक झाली नाही.

संपल्यावर राण्यांनी लेकीला गराडा घातला. गुरुताई कानवालीपाशी आली. "आज तुमच्यामुळे आम्हा सगळ्यांचं वाचन पुरं झालं. तुम्हाला आत ओढ आहे, मला दिसतंय. बुधवारी येत जा."

"ताई, मला ओढ नाही. माझं लक्ष होतं. तुमचं फोनमध्ये गेलं होतं," कानवाली म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

जिन्याच्या वळणावर लेकीने तिला गाठलं. हेडफोन गळ्यात आला होता.

"तुला येतं," ती म्हणाली.

"अक्षरं येतात. अक्षरं कोणालाही येतात."

"सूर अक्षरांत लिहिलेला नसतो, आई. कोणी शिकवला?"

कानवालीने कठड्याला पाठ टेकली. "तुझ्या आजोबांनी. मुलगा नव्हता म्हणून मला शिकवलं. सहा वर्षं, रोज पहाटे. मग माझा चुलतभाऊ तेरा वर्षांचा झाला, त्याला सगळ्यांसमोर वाचायचं होतं. आजोबा मला म्हणाले, आता तू आईला मदत कर. तो एक नंबरचा बेसूर. मी बायकांच्या बाजूला बसून त्याच्या चुका मोजल्या. सतरा. एकाही पुरुषाने त्याला थांबवलं नाही. घरी येऊन मी पुस्तक बंद केलं, ते आज उघडलं."

"आणि मला हे कधीच सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"तुला विचारणार कसं?" लेकीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लहानपणापासून मी काहीही दाखवायला आणलं, की तू आधी त्यातली खोड दाखवायचीस. दोन वर्षं मी परक्या बाईच्या घरी अक्षरं गिरवली. ती बरी शिकवत नाही, मलाही कळतं. पण ती हसत नाही मला. तुला सगळं येत होतं आणि तू ओट्यापाशी उभी राहून नाक मुरडत होतीस."

कानवालीला कोणाच्याही बोलण्यावर उत्तर सुचायचं. गुरुताईच्या नावाने काही बोलावं असं तिच्या ओठांवर आलं, पण ते उत्तर नव्हतं हे तिलाही कळलं. लेक तिच्याकडे जशी बघत होती, तशी नजर तिने आरशात अनेकदा पाहिली होती. आपल्यावर रोखलेली ती प्रथमच पाहिली.

"तू चांगलं वाचलंस," ती अखेर म्हणाली. "हामानच्या दहा मुलांची नावं एका दमात घ्यायची असतात, तिथं भले भले मोडतात. तू मोडली नाहीस."

लेकीने डोळे पुसले. "पण?"

"पण तीन ठिकाणी जोर चुकीच्या अक्षरावर दिलास." ती थांबली. "अर्थ बिघडला नाही. राहू दे."

वरून काठी टेकत म्हातारी आली. "काय कुजबुजताय? सगळं ऐकू येतंय मला." खरं तर यंत्र बंदच होतं. रिमोट अजून कानवालीच्या मुठीत होता, वाचन संपल्यावरच्या गोंगाटानंतर ती चालू करायला विसरली होती. तिने बटण दाबलं. तशी म्हातारी दचकली आणि कानवालीच्या दंडाला धरून म्हणाली, "तुझ्या बापाला आणलंस आज. मला वाटलं, एक्स्चेंजची कुठलीतरी जुनी लाइन लागली." मग तिघी खाली उतरल्या.

दोन दिवसांनी गुरुताईने चित्रण सगळ्यांना पाठवलं. फिरत फिरत ते मदतनीस बाईपर्यंत पोचलं, तिने ते कानवालीला दाखवलं. त्यात लेक होती, राण्या होत्या, पितळी मुकुट तर चार वेळा होता. ओळ गेली ती जागा कापून टाकलेली होती. कानवाली मनापासून हसली. या बाईबद्दलचं आपलं मत तिळभरही चुकलं नव्हतं, याचं तिला समाधान वाटलं.

आठवडाभराने लेकीचा फोन आला. हवापाण्याचं झालं. मग ती म्हणाली, "तो सूर आता कोणाला येतो?"

"चुलतभाऊ गेला. मला येतो."

"फक्त तुलाच?"

"बेसूर लोक सोडले तर."

कानवालीला कळत होतं, की ही आता विचारणार नाही. एकदा विचारायला शिकून पुन्हा तोंडघशी पडायला कोण येईल? तिने डायरी ओढली. "मंगळवारी दोन ते तीन पेशंट नसतात. ये. पण देवाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि त्या राणीसरकारांना घेऊन यायचं नाही."

मंगळवारी लेक दोनला पाच कमी असताना आली. कानवालीने दाराला आतून कडी घातली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. लेकीने पुस्तक उघडलं, श्वास घेतला आणि सुरुवात केली. तिसऱ्या शब्दावर कानवालीच्या भुवया वर गेल्या. लेक थांबली.

भुवया आपोआप गेल्या होत्या. कानवालीने त्या खाली आणल्या, तेवढंच करायला तिला बराच वेळ लागला.

"इथे खाली वळ," ती म्हणाली, आणि कसं वळायचं ते म्हणून दाखवलं.